चहाला दिलेलं उत्तर

दिनांक २० मे २००४, सकाळी अकराला पाच कमी. ठिकाण: वेंगुर्ल्याबाहेरच्या काजू कारखान्यातली गर निवडायची खोली. हजर: मी, शालन, खोलीची मुकादम, वय सेहेचाळीस. गंगू, माझ्या उजव्या हाताला, तोंडाची फटकळ. सुली, समोर, बोलायला कमी. आणखी नऊ बायका. त्यांची नावं हजेरीच्या वहीत आहेत, इथे लागणार नाहीत. गैरहजर: कोणी नाही.

ही हजेरी मी पाच वर्षांनी लिहिते आहे, तरी ती बरोबर आहे. बाकीच्याची खात्री नाही. त्या दिवशी काय झालं हे मी अकराजणींकडून अकरा वेळा ऐकलं आणि त्यातलं एकही माझ्या आठवणीशी पुरतं जुळत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळी उठल्यावर आधी यादी, मग चहा. गोव्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला होत असेल तर उपयोग होईल, लिहा." म्हणून क्रमाने लिहिते. आजाराला स्वतःला काही क्रम नव्हता, त्यामुळे मध्ये कुठे गोंधळ वाटला तर तो आजाराचा समजावा.

माडावरचा फोन

गंगूच्या नवऱ्याला मुंबईच्या मेव्हण्याने मोबाइल दिला होता. गंगू गर निवडता निवडता त्याचीच गजाल सांगत होती.

"वाजता खाली, पण ऐकाक येता वर. फोन वाजलो काय ह्यो धावता माडार. काल अर्ध्यार गेलो, नुसता 'हॅलो, हॅलो'. शेंड्यार जावन बसलो तेव्हा खंय आवाज इलो. खाली आख्खी वाडी जमली, मेव्हण्यान काय सांगल्यान ता ऐकाक."

"मगे? काय सांगल्यान?"

"मेव्हणो खंयचो! कंपनीची बाई. माडाच्या शेंड्यार बसलेल्या माणसाक सांगता, तुमचो बॅलन्स संपत इलो आसा!"

सगळी खोली हसली. मीही हसले. त्यातच गंगू माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, चायेक येतलंस मां?" मी 'येतलंय' म्हणायला तोंड उघडलं आणि हनुवटी गेली. मग मान गेली, मग गुडघे. ओलं लुगडं दोरीवरून घसरावं तशी मी अख्ख्या गरांच्या सुपासकट खाली आले.

हसताना गुडघे सैल पडणं मला नवीन नव्हतं. वर्षभर होत होतं. मी हळूच टेबल धरायची आणि कुणाला कळू द्यायची नाही. इतकं पुरतं मात्र पहिल्यांदाच. एक गोष्ट इथे ठळक लिहायला हवी: मी शुद्धीत होते. सगळं ऐकू येत होतं, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी थोडं दिसतही होतं. फक्त शरीर माझं ऐकत नव्हतं.

"फीट इली! कांदो हाडा कोणी!"

"फीट खंयची? हातपाय झाडता काय ती? तोंड बघ कसा शांत आसा. अवसार इलो हा गो!"

अंगात येण्याला आमच्याकडे अवसार म्हणतात. आणि अवसार आला की देवीला विचारून घ्यायचं असतं, ती संधी कुणी सोडत नाही. डब्यांवर लेबलं चिकटवणारीने कुठून तरी कुंकू आणलं. जिला मी जन्मात कधी गंभीर पाहिलं नव्हतं ती गंगू पदर डोक्यावर घेऊन गाऱ्हाणं घालू लागली, "आवये, लेकरा चुकली असतीत तर पदरात घे..." आणि बाकीच्या एका सुरात "व्हय म्हाराजा!" मला भयंकर हसू येत होतं. हसू येत होतं म्हणूनच मला उठता येत नव्हतं, पण हे कळायला अजून आठ महिने होते.

मग सुली पुढे आली. तिचा एकुलता मुलगा सदा दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून ट्रॉलरवर गेला होता, गुजरातेत वेरावळला उतरला आणि त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आवये, एकच सांग. माझो सदा येतलो मां?"

गंगूला द्यायचं उत्तर मघापासून माझ्या तोंडात अडकलं होतं. ते नेमकं तेव्हा सुटलं. "येतल..." पुढे जीभ वळेना.

आमच्या बोलीत 'मी येईन' म्हणजे 'येतलंय' आणि 'तो येईल' म्हणजे 'येतलो'. शेपूट तुटलं की दोन्ही शब्द एकच. सुलीने तिच्या कामाचं शेपूट लावून घेतलं.

त्यानंतर मला सदा दिसला. खोलीच्याच दारात, ओल्या कपड्यांनी, काही न बोलता. मग माझा हात हलला आणि मी उठून बसले. गंगूच्या मते हे सगळं अर्धा तास चाललं. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं. मी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "चाय झाली?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुली कोपऱ्यात बसून रडत होती, पण तोंडावर हसू होतं. तसं तिला मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

उतरत्या ओळी

घरी येऊन मी यादी केली: काय काय होतं आहे. दुपारी झोप आवरत नाही. रात्री आठ तास झोपूनही सकाळी अंग जड. डोळा लागायच्या आधीच स्वप्न सुरू होतं. हसले की गुडघे जातात. ही चार दुखणी मला चार वेगवेगळी वाटत होती. झोपेला मी आळस म्हणत होते, गुडघ्यांना वय, स्वप्नांना पित्त. आणि अवसाराला काय म्हणायचं ते कळत नव्हतं. मी देव मानते. पण देवी माझ्या अंगात आली असेल तर तिला काहीच बोलायचं नव्हतं आणि मला चहाला जायचं होतं, हे कसं?

मी कारखान्याच्या जुन्या वह्या काढल्या. मुकादमाने रोज किती डबे अख्खे, किती पाकळी, किती तुकडा हे लिहायचं असतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या ओळी सरळ होत्या. मग कुठे कुठे ओळ शेवटी उतरू लागली होती, माणूस पायरी चुकावा तशी. आणि एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'पाकळी चार डबे, तुकडा दोन डबे, होडी उलटी घातली, आईला सांगणे.' आमची होडी कधीच नव्हती. माझी आई जाऊन दहा वर्षं झाली होती. ते मी केव्हा लिहिलं हे आठवेना.

त्या पानाने मी जितकी घाबरले तितकी पडण्यानेही घाबरले नव्हते. हिशेबी डोकं एवढीच माझी कमाई, आणि माझ्या वहीत दुसरंच कुणीतरी लिहीत होतं.

आठ महिने

पहिले डॉक्टर फीट म्हणाले. त्यांच्या गोळ्यांनी मी दिवसभर पेंगायला लागले, आणि पेंग वाढली म्हणून त्यांनी गोळी वाढवली. त्यांना दोष देत नाही. मी त्यांना पडले एवढंच सांगितलं, हसत होते हे सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. नंतर एकाने रक्त कमी म्हटलं. एकाने बाईच्या वयाचं कारण सांगितलं. जाऊबाईंनी कौल लावून आणला आणि तो उजवा की डावा यावरच त्यांचं आणि पुजाऱ्याचं भांडण झालं.

घरात तीन माणसं. आमचे हे एसटीत कंडक्टर, मुलगी विद्या तेव्हा बारावीत. ह्यांची जीभ म्हणजे अख्ख्या डेपोची करमणूक. आधी मला दुपारी झोपलेली बघून म्हणायचे, "उठा, शेवटचो स्टॉप इलो." पुढे काळजीने तेही बंद केलं. विद्याचं अजून जास्त लागलं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली म्हणून ती धावत सांगायला आली, आणि मी आनंदाने जी बसले ती चुलीच्या कडेलाच कोसळले. हात भाजला नाही, नशीब. तेव्हापासून ती मला चांगल्या बातम्या सांगेनाशी झाली. वाईट बातमीने मला काही होत नाही हे तिने बरोबर हेरलं होतं. आमच्या घरात त्या वर्षी फक्त वाईट बातम्या यायच्या, आणि घरातली माणसं रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी बोलायची.

झोपेची परीक्षा

शेवटी विद्यानेच कुणाकडून तरी ऐकून गोव्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. जानेवारीत आम्ही तिघं गेलो. मी माझी यादी आणि जुन्या वह्यांतल्या दोन नेल्या. बाईंनी यादी वाचली, उतरत्या ओळी पाहिल्या, होडीच्या पानाशी थांबल्या, आणि कोकणीत विचारलं, "हांसतना पडटात?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. रडताना काही सैल पडलं नाही, हे त्यांनी लगेच लिहून घेतलं.

तपासणीसाठी त्यांनी दुसऱ्या इस्पितळात दाखल केलं. डोक्याला, गालाला, हनुवटीला तारा चिकटवल्या. रात्र तशी झोपले. खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सकाळी नऊ, अकरा, एक, तीन आणि पाच, अशा पाच वेळा वीस-वीस मिनिटं झोपायचं आणि मधल्या वेळात अजिबात झोपायचं नाही. आयुष्यभर मी पेशंटला झोपू द्या म्हणणारी इस्पितळं पाहिली. इथे एक गोव्याचा पोरगेला तंत्रज्ञ येऊन म्हणायचा, "बाई, झोपा." आणि जरा डोळा लागला की, "बाई, उठा." कुणाचं ऐकावं ते कळेना.

मधल्या वेळात मला जागं ठेवायचं काम ह्यांच्याकडे होतं. अट एकच: हसवायचं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. दोन तास विचार करून त्यांनी आपल्या गाडीचे स्टॉप म्हणायला सुरुवात केली. "वेंगुर्ला. मोचेमाड. टांक. आरवली. शिरोडा." परत, "शिरोडा. आरवली. टांक." गंभीर तोंड करून, तिकिटं फाडल्यासारखे हात करत. तिसऱ्या फेरीला त्यांनी विचारलं, "ओ बाई, आरवलीक उतरतलात काय पुढे जातलात? झोपून स्टॉप चुकलो तर माका सांगू नका." माझी मान खाली पडली. तंत्रज्ञ धावत आला, तारा तपासल्या, वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बाई म्हणाल्या की त्या नोंदीचा फार उपयोग झाला. ह्यांनी ते घरी येईपर्यंत चार जणांना सांगितलं.

पाचही वेळा मी तीन मिनिटांच्या आत झोपले, आणि चार वेळा झोपेत शिरल्या शिरल्या स्वप्न.

निदानाच्या दिवशी बाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. झोप म्हणजे दिवा मालवणं नव्हे. झोपेत पाळ्या असतात, कारखान्यासारख्या. आधी हलकी, मग गाढ, मग तासा-दीड तासाने स्वप्नांची, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वप्नांच्या पाळीत मेंदू हातापायांना कुलूप लावतो, नाहीतर माणूस स्वप्नातलं खरं समजून उठून धावेल. गाढ झोपेत शरीराची डागडुजी होते, स्वप्नांच्या पाळीत डोकं दिवसभराची आवराआवर करतं. म्हणून झोप बिघडली की वजन, रक्तदाब, आठवण, चिडचिड सगळंच बिघडत जातं. "तुमच्या मेंदूत पाळ्यांच्या वेळा सांभाळणारा मुकादम गैरहजर आहे," बाई म्हणाल्या. "त्यामुळे स्वप्नांची पाळी वाटेल तेव्हा आत शिरते; वहीतली ती होडी तुम्ही अशाच डुलकीत लिहिलीत. आणि कधी नुसतं कुलूप पडतं, तुम्ही जाग्याच असता. जोराचं हसू आलं की पडतं."

मुकादम गैरहजर हे ऐकून मला रागच आला. वीस वर्षांत माझी एक रजा नाही.

आजाराचं नाव नार्कोलेप्सी. बरा होत नाही, सांभाळता येतो. देवी नाही, आळस नाही, वेड नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण गाडीत बसल्यावर पहिला विचार आला तो सुलीचा.

आधी बस

आता उपयोगाचं. सकाळी एक गोळी जागं राहायला, एक गुडघ्यांसाठी. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली, सणासुदीलाही तीच. दिवसातून दोनदा ठरवून वीस मिनिटं झोप. मालकांनी त्यासाठी गोदामात चार पोत्यांची जागा दिली. विहिरीवर आणि चुलीपाशी कुणाशीही गजाली नाहीत. दुपारी भात कमी. ही माझी यादी आहे, तुमची डॉक्टरांना विचारून करा.

याहून मोठा उपाय कारखान्यातल्या बायकांनी काढला. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा गंगूने नाव दोनदा म्हणून पाहिलं. "नार... नारळोप्सी? म्हणजे माडाचोच रोग तो! माझ्या घोवाचो फोन लागलो तुका!" आणि मी पडायच्या आत दोघींनी मला धरून खाली बसवलं. तेव्हापासून नियमच झाला. कुणाला काही गमतीचं सांगायचं असेल तर आधी हाक येते, "वैनी, बस आधी." मी बसते, पाठ भिंतीला टेकते, मग गजाल. घरीही तसंच. विद्याचा निकाल लागला तेव्हा ती दारातूनच ओरडली, "आई, आधी बस!" त्या दोन शब्दांतच मला निकाल कळला.

सांगायचं कुणाला

गोव्याहून येताना गाडीत मी यादी केली होती: जाऊबाई. मालक. गंगू आणि खोलीतल्या बायका. सुली. पहिल्या तीन नावांवर आठवड्याभरात काट पडली.

सुलीचं काय झालं होतं ते सांगते. त्या मे महिन्यात ती भावाबरोबर वेरावळला जाणार होती. भाऊ विठू ट्रॉलरवर इंजिन बघतो, त्या बंदरातली माणसं त्याच्या ओळखीची. सगळं ठरलं होतं. माझ्या 'येतल'नंतर तिने जाणं रद्द केलं, आणि सदा आला तर घर बंद नको म्हणून कारखान्यात येणंही सोडलं. "देवीन सांगल्यान येतलो. मगे मी कशाक हिंडू? तो हय इलो आणि मी थय असलंय तर?"

मी दोनदा सांगायला गेले. पहिल्या वेळी अंगणात सदाची खाट उन्हात टाकलेली होती, आणि ती तिच्या काथ्या आवळत होती. मला बघून म्हणाली, "इलंस? बस गो. तुझ्या शब्दार जगतंय मी." मी शेवग्याच्या चार शेंगा घेऊन परत आले.

दुसऱ्या वेळी निश्चय करून गेले. म्हटलं, "सुली, माका आजार आसा. झोपेचो. गोव्याच्या डॉक्टरान शोधून काढल्यान. त्या दिवशी ताच झाला होता."

"आसांदे," सुली शांतपणे म्हणाली. "देवी काय धडधाकट माणसाक धरता? तुझा औषध तिका सोसणा नाय, म्हणान आता येणा नाय. पण एकदा बोललेला पुसणा नाय."

आजार सांगून उपयोग नव्हता, तो तिने देवीच्याच पदरात टाकला. सांगायला हवा होता तो शब्द. तो चहाचा होता, गंगूला द्यायचा होता, आणि अर्धाच होता. तेवढं माझ्याने बोलवलं नाही. दर वर्षी वीस मेला ती माझी ओटी भरते. त्या नारळांचं मी खोबरं करते आणि ते खाते. ते टाकायचं कसं, तेही मला कळत नाही.

अजून एक गोष्ट मी डॉक्टरीणबाईंशिवाय कुणाला सांगितलेली नाही. दारात दिसलेला सदा. बाई म्हणाल्या, कुलूप आधी पडलं, मागोमाग स्वप्न शिरलं. सुलीने नाव घेतलं म्हणून तोच दिसला. मला हे पटतं. पण सुलीने विचारलं, 'तुका कायच दिसला नाय?' तर नाही म्हणणं खोटं होईल, आणि हो म्हणणं त्याहून खोटं होईल. मी कुठल्याही वहीत हे कोणत्या रकान्यात लिहू?

आषाढ संपत आला आहे, नारळी पुनवेला सोळा दिवस आहेत. काल विठू भर पावसात घरी आला. पडवीतच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"वैनी, पुनव झाली काय बोटीर चडतलंय. ही माझी शेवटची साल, गुडघे गेले. तेच्या आधी तिका गाडयेन वेरावळाक नेऊन हाडतंय. थय एक म्हातारो आसा, जुन्या खलाशांची नावा ठेवता. माका सांगणा नाय. आवस पोराचो फोटो घेऊन समोर उभी रवली तर सांगात. पण ती येऊक तयार नाय. तिका तूच सांग. ती तुझाच ऐकता."

"माझा नाय रे ऐकत," मी म्हटलं.

"मगे कोणाचा?"

त्याने छत्री उघडली आणि तो गेला.

आजची यादी: संपत आलेल्या गोळ्यांसाठी गोव्याला निरोप. विद्याला पत्र. गोदामातल्या पोत्यांवरची चादर धुणे. सुलीकडे जाणे, येतलंय म्हणत होते हे सांगणे.

पहिल्या तिन्हींवर काट मारून झाली. चौथी ओळ मी पुन्हा पाहिली. शेवटपर्यंत सरळ आहे, कुठे उतरलेली नाही, तेव्हा झोपेत लिहिलेली नाही.